फिलर घातल्यावर घर्षण वाढते, तरी झीज कमी होते: हे नेमके कशामुळे?

प्रश्न: पदव्युत्तर विद्यार्थी

नमस्कार. वंगणाशिवाय, म्हणजे पूर्णपणे कोरड्या चालणाऱ्या बुशांसाठी (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळीसारख्या बेअरिंगांसाठी) पॉलिमर संमिश्रे निवडताना त्यांत मिसळलेल्या फिलरचा, म्हणजे कणांच्या किंवा तंतूंच्या भरणीचा, घर्षणावर आणि झिजेवर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. पिन-ऑन-डिस्क यंत्रावर (यात नमुन्याची पिन फिरत्या चकतीवर दाबून घासली जाते) मी शुद्ध पीटीएफई (टेफ्लॉन या नावाने परिचित पॉलिमर) आणि त्याचे तीन भरलेले प्रकार कठीण केलेल्या पोलादी चकतीवर चालवले. एकात वजनाने २५ टक्के काचतंतू, दुसऱ्यात ६० टक्के ब्रॉन्झची भुकटी आणि तिसऱ्यात २५ टक्के कार्बन होता. तिन्ही भरलेल्या नमुन्यांचा घर्षणांक शुद्ध पीटीएफईपेक्षा थोडा जास्तच आला. झीज मात्र इतकी घटली, की जेवढ्या अंतरात शुद्ध नमुना नुसत्या डोळ्यांना जाणवेल इतका आखूड झाला, तेवढ्याच अंतरात भरलेल्या नमुन्यांतील फरक केवळ संवेदनशील वजनकाट्यावरच कळला. घर्षण वाढले तर झीजही वाढावी, अशी माझी समजूत होती.

यापुढे गोंधळ आणखी वाढला. पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चकती घेतली, तेव्हा काचतंतूंच्या नमुन्याने चकतीवर खोल चरे पाडले आणि त्याची स्वतःची झीजही पुष्कळ वाढली, पण कार्बनच्या नमुन्याच्या बाबतीत असे काही घडले नाही. याशिवाय तुलनेसाठी नायलॉन ६६ आणि ३० टक्के काचतंतू असलेले नायलॉन ६६ हे दोन्ही पॉलिशपेपरवर घासून पाहिले, तर भरलेले नायलॉन साध्या नायलॉनपेक्षा जास्त झिजले. फिलरमुळे कठीणपणा वाढतो आणि कठीणपणा वाढला की झीज कमी होते, हा आर्चर्डच्या नियमाचा (झीज भार आणि सरकलेले अंतर यांच्या सम प्रमाणात, तर कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते) अर्थ मी आजवर धरून चाललो होतो. या तीन निरीक्षणांचा एकमेकांशी मेळ कसा घालावा, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद १: पॉलिमर अभ्यासक

आपल्या पहिल्या निरीक्षणाचे उत्तर पीटीएफईच्या रेणूरचनेत आहे. या पॉलिमरची साखळी लांब, ताठर आणि बाहेरून गुळगुळीत असते, तिला बाजूला फुटलेल्या शाखा नसतात, आणि अशा साखळ्यांच्या स्फटिकी पट्ट्या अगदी थोड्या जोरानेही एकमेकींवरून सरकतात. म्हणूनच कमी वेगाला तिचा घर्षणांक ०.०५ ते ०.१० इतका खाली राहतो. पण ज्या सरकण्यामुळे घर्षण कमी राहते, त्याच सरकण्यामुळे पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. वेग वाढला की हे पापुद्रे मोठे होतात, समोरच्या धातूला नीट चिकटत नाहीत, संपर्काबाहेर ढकलले जातात आणि पुढच्या फेरीत त्यांच्या जागी नवे पापुद्रे सुटतात. त्यामुळे शुद्ध पीटीएफईचा विशिष्ट झीजदर दर न्यूटन-मीटरमागे एका घन मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही जास्त असतो, आणि नेहमीच्या वापरातील फिलर योग्य प्रमाणात मिसळले की तो लाखाव्या ते दशलक्षाव्या भागापर्यंत उतरतो.

फिलर हे कसे साधतात याविषयी अभ्यासकांत एकच मत नाही, आणि माझ्या मते एकच यंत्रणा शोधण्याचा आग्रह धरूही नये. कठीण कण किंवा तंतू पृष्ठभागावर उघडे पडतात आणि भाराचा मोठा वाटा स्वतःवर घेतात, त्यामुळे मऊ पॉलिमरवर कमी ताण येतो, हे एक स्पष्टीकरण आहे. पृष्ठभागाखाली पसरत जाणारी चीर कणांपाशी अडते आणि मोठा पापुद्रा सुटण्याऐवजी बारीक तुकडा सुटतो, हे दुसरे. तिसरे स्पष्टीकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते ट्रान्स्फर फिल्मचे आहे. पॉलिमरचा बारीक चुरा समोरच्या धातूच्या खडबडीत भागांत बसतो, तेथे दाबला जातो आणि हळूहळू एक पातळ, सलग थर तयार होतो. त्यानंतर पॉलिमर धातूवर घासत नाही, तर स्वतःच्याच थरावर घासतो. चुरा जितका बारीक, तितका हा थर पातळ आणि घट्ट बसतो. शुद्ध पीटीएफईचा थर जाड, तुटक आणि सहज निघणारा असतो, तर भरलेल्या पीटीएफईचा थर पातळ आणि टिकाऊ असतो, असा फरक सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो.

आता घर्षण थोडे का वाढले, ते पाहू. घर्षण म्हणजे सरकताना खर्च होणारी ऊर्जा, आणि झीज म्हणजे पदार्थ मूळ भागापासून कायमचा सुटणे. ऊर्जा कोठे आणि कशी खर्च होते यावर घर्षण ठरते, आणि पदार्थ कोठे तुटतो यावर झीज ठरते. फिलरचे कण पट्ट्यांच्या सरकण्यात अडथळा आणतात आणि काही ठिकाणी स्वतःच धातूला भिडतात, म्हणून घर्षणांक थोडा चढतो. त्याच अडथळ्यामुळे पदार्थाचे सुटणे मात्र थांबते. आपल्याला या दोन्ही गोष्टी परस्परविरोधी वाटल्या, तरी त्या एकाच कारणातून आलेल्या आहेत.

पीटीएफईवरून काढलेला हा निष्कर्ष सर्व पॉलिमरांना लावू नये, हेही येथेच सांगतो. पीईईके (पॉलिइथर-इथर-किटोन) हे पॉलिमर मुळात मजबूत असते, पण कोरड्या अवस्थेत त्याचे घर्षण बरेच जास्त असते. त्यामुळे तेथे फिलरकडून अपेक्षा उलटी असते. बेअरिंगसाठी प्रचलित असलेल्या एका मिश्रणात १० टक्के कार्बन तंतू, १० टक्के ग्रॅफाइट आणि १० टक्के पीटीएफई असते. त्यात तंतू भार उचलतात आणि ग्रॅफाइट व पीटीएफई घर्षण खाली आणतात. अशा मिश्रणात घर्षण आणि झीज दोन्ही एकदम कमी होतात.

प्रतिसाद २: बेअरिंग आरेखक

वरील विवेचनात मी दोन गोष्टींची भर घालू इच्छितो, आणि त्या आपल्या दुसऱ्या व तिसऱ्या निरीक्षणाशी संबंधित आहेत.

ॲल्युमिनियमच्या चकतीचे कोडे कठीणपणाच्या आकड्यांवरून सुटते. काचेचा कठीणपणा साधारण ५५० ते ६०० विकर्स (विकर्स हे कठीणपणाचे एक माप) असतो. कठीण केलेले पोलाद ७०० विकर्सच्या पुढे जाते, तर ॲल्युमिनियमचे बहुतेक मिश्रधातू १५० विकर्सच्या आसपास किंवा त्याखाली असतात. पोलादावर काचतंतूंची टोके गोल होऊन बसतात, पण ॲल्युमिनियमवर तीच टोके हत्यारासारखी कापत जातात. एकदा चरे पडले की समोरचा पृष्ठभाग खडबडीत होतो, ट्रान्स्फर फिल्म टिकत नाही, धातूचा आणि काचेचा चुरा संपर्कात अडकतो, आणि मग तो चुरा दोन्ही बाजूंना खरवडतो. आपल्या नमुन्याची झीज वाढली ती यामुळे. मऊ केलेल्या ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलादाच्या शाफ्टवरही हाच प्रकार घडतो, आणि ‘स्टेनलेस आहे म्हणजे कठीण असेल’ या गैरसमजातून काचयुक्त बुश बसवलेले शाफ्ट खराब होताना मी पाहिले आहेत. कार्बनचे ग्रॅफाइटसारखे प्रकार मऊ शाफ्टला सोसतात, आणि ॲरामिड (केव्हलारसारखे) तंतू तर याबाबतीत फारच सौम्य असतात. म्हणून फिलर निवडताना मी नेहमी पहिला प्रश्न शाफ्टविषयी विचारतो आणि पॉलिमरचा विचार त्यानंतर करतो.

नायलॉन आणि पॉलिशपेपर यांची गोष्ट वेगळी आहे. पॉलिशपेपरचे धारदार कण पॉलिमरमध्ये रुतून तो कापतात, आणि नमुना सतत ताज्या कागदावरून जात असेल तर ट्रान्स्फर फिल्म तयार व्हायला संधीच मिळत नाही. अशा अपघर्षक झिजेत कठीणपणापेक्षा पदार्थ तुटण्यापूर्वी किती ऊर्जा शोषतो, हे महत्त्वाचे ठरते. रॅटनर आणि लँकेस्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा संबंध असे सांगतो, की या प्रकारची झीज तुटतानाचा ताण आणि तुटतानाची लांबीवाढ यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. कोरड्या नायलॉन ६६ ची ताणशक्ती साधारण ८० मेगापास्कल आणि लांबीवाढ समजा ५० टक्के धरली, तर गुणाकार ४००० येतो. ३० टक्के काचतंतू घातल्यावर ताणशक्ती १८० मेगापास्कलपर्यंत वाढते, पण लांबीवाढ ३ टक्क्यांच्या आसपास येते आणि गुणाकार ५४० उरतो. म्हणजे ताणशक्ती दुपटीहून जास्त झाली, तरी अपघर्षणाला तोंड देण्याची क्षमता कित्येक पटींनी घटली. ही आकडेमोड ढोबळ आहे, पण आपल्या निरीक्षणाची दिशा ती अचूक सांगते. म्हणूनच वाळू, खडी किंवा धूळ यांच्याशी थेट संबंध येतो तेथे अतिउच्च रेणूभाराचे पॉलिएथिलीन फिलरशिवायही उत्तम काम देते, आणि काचतंतूंनी मजबूत केलेले पदार्थ तेथे निराशा करतात.

आर्चर्डचा १९५३ चा नियम चुकीचा नाही, परंतु तो मुख्यतः धातूंच्या संपर्कावरून आकाराला आला आणि त्यातील स्थिरांकाच्या पोटात चिकटणे, कापणे, थकवा, तापमान असे सगळे दडलेले असते. दोन पॉलिमरांची तुलना करताना तो स्थिरांक तोच राहतो असे गृहीत धरले, की केवळ कठीणपणावरून काढलेले अनुमान चुकते.

या संदर्भात सांध्यांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातले एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९५८ नंतर कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी पीटीएफई वापरले, कारण त्याचे घर्षण अतिशय कमी होते. काही वर्षांतच त्या वाट्या भयंकर झिजल्या आणि झिजलेल्या चुऱ्यामुळे सभोवतालच्या ऊतींनाही इजा झाली. त्यावर उपाय म्हणून फिलर घातलेले पीटीएफई वापरून पाहिले गेले. प्रयोगशाळेत ते साध्या पीटीएफईपेक्षा कितीतरी सरस ठरले होते, पण शरीरात त्याचा फायदा झाला नाही, उलट त्यातील फिलर धातूच्या गोलाला घासून खराब करू लागला. १९६२ च्या अखेरीस त्यांनी अतिउच्च रेणूभाराचे पॉलिएथिलीन स्वीकारले. त्याचे घर्षण पीटीएफईपेक्षा जास्त होते, तरी तेच दीर्घकाळ टिकले आणि त्याच कुळातील पदार्थ आजही वापरात आहेत. कमी घर्षणाच्या मागे लागून झिजेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, तसेच कोरड्या चाचणीतला फिलरचा गुण ओल्या परिस्थितीत कसा नाहीसा होतो, हे दोन्ही या एका उदाहरणात दिसते.

पुरवणी प्रश्न: पदव्युत्तर विद्यार्थी

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. गुणाकाराचे गणित मी माझ्या नमुन्यांच्या ताणचाचणीच्या आकड्यांशी ताडून पाहणार आहे. आता आणखी एक शंका. ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे दोन्ही घन वंगण म्हणून ओळखले जातात. त्यांपैकी कोणते निवडावे, की दोन्ही एकत्र घालावेत? तसेच नॅनो आकाराचे कण अगदी थोड्या प्रमाणात घातले तरी झीज हजारो पटींनी घटते असे वाचनात आले. हे खरे असेल, तर नेहमीचे फिलर अजून का वापरले जातात?

प्रतिसाद ३: पॉलिमर अभ्यासक

या दोन घन वंगणांतील निवड भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सहज सरकण्यासाठी त्यांच्या कडांवर पाण्याच्या वाफेचे रेणू चिकटलेले असणे आवश्यक असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार उंचीवरून उडणाऱ्या विमानांतील विद्युत यंत्रांचे कार्बन ब्रश पाहता पाहता झिजून जात, आणि त्याचे कारण तेथील कोरडी, विरळ हवा हेच होते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड याच्या नेमके उलट वागते. ते निर्वात किंवा कोरड्या वातावरणात उत्तम चालते, तर दमट हवेत त्याचे घर्षण वाढते आणि त्याचे ऑक्सिडीकरण होते. त्यामुळे कोरडा नायट्रोजन किंवा तत्सम वायू दाबणाऱ्या तेलविरहित कॉम्प्रेसरच्या पिस्टन रिंगसाठी केवळ ग्रॅफाइटवर विसंबणे धोक्याचे असते, आणि पाण्याजवळच्या बुशात मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडून फारशी आशा धरू नये. दोन्ही एकत्र घालण्याला बंदी नाही, पण जे वंगण त्या वातावरणात काम करणार नाही, ते केवळ पॉलिमरची ताकद कमी करते. नायलॉनमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड घालण्याचा आणखी एक उपयोग असतो. त्याचे बारीक कण स्फटिकीभवनाची केंद्रे बनतात आणि भागाचा पृष्ठभाग अधिक स्फटिकी व कठीण होतो, म्हणजे तेथील सुधारणा केवळ वंगणाची नसते.

नॅनो कणांविषयी आपण वाचले ते खरे आहे, परंतु त्याची व्याप्ती समजून घेतली पाहिजे. अल्फा प्रकारच्या ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण काही टक्केच घातलेल्या पीटीएफईचा झीजदर दर न्यूटन-मीटरमागे एका घन मिलिमीटरच्या कोटीव्या भागापर्यंत उतरल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत, आणि या विषयातील ही मला सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. यात केवळ यांत्रिक कारण नाही. घासताना पीटीएफईच्या साखळ्या तुटतात, तुटलेली टोके हवेतील ऑक्सिजन आणि पाण्याच्या वाफेशी अभिक्रिया करतात, त्यांतून कार्बोक्झिलिक गट तयार होतात, आणि हे गट पोलादाच्या पृष्ठभागाला तसेच ॲल्युमिनाच्या कणांना रासायनिक बंधाने धरून ठेवतात. ट्रान्स्फर फिल्म धातूवर नुसती दाबून बसलेली नसते, ती तेथे बांधली जाते. यावरूनच हेही कळते, की निर्वात जागेत किंवा अतिशय कोरड्या वायूत हा लाभ बहुतांशी नाहीसा होतो. शिवाय ॲल्युमिनाचा प्रत्येक प्रकार सारखा चालत नाही.

तांब्याचे ऑक्साइड आणि सल्फाइड यांसारखे फिलर काही पॉलिमरांत ट्रान्स्फर फिल्मची धातूवरील पकड वाढवून झीज कमी करतात, तेथेही फिलर आणि धातू यांच्यातील रासायनिक नाते महत्त्वाचे असावे असे मानले जाते. या मिश्रणांत फिलरचा कठीणपणा हा मुद्दा जवळजवळ गौण ठरतो.

नेहमीचे फिलर अजून टिकून आहेत, त्याची कारणे मला दोन दिसतात. नॅनो कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि असा गोळा म्हणजे पुन्हा एक मोठा, सैल बसलेला कण असतो, ज्याच्यापाशी चीर सुरू होते. ते एकसारखे पसरवणे मोठ्या उत्पादनात अवघड जाते. शिवाय नॅनो कण भार उचलण्याचे, दबून आकार बदलण्याला रोखण्याचे आणि उष्णता वाहून नेण्याचे काम तंतू किंवा ब्रॉन्झसारखे करू शकत नाहीत. शुद्ध पीटीएफईची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे जेमतेम ०.२५ वॅट असते. दाब आणि वेग यांचा गुणाकार वाढला की संपर्कातील उष्णता आत अडकते, पॉलिमर मऊ होतो आणि झीज अचानक उसळी घेते. ब्रॉन्झ तेथे मदत करते, अर्थात आम्लाशी संबंध येत नसेल तरच. आखूड कार्बन तंतू आणि नॅनो आकाराचे कण एकत्र घातल्यास कण तंतूंवरील घर्षणाचा ताण कमी करतात आणि तंतू लवकर तुटून उखडत नाहीत, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. माझ्या मते पुढची वाट अशा मिश्र भरणीचीच आहे.

प्रतिसाद ४: चाचणी प्रयोगशाळा

चर्चा उत्तम चालली आहे. आपल्या प्रकल्पातील मोजमापाविषयी मात्र कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो.

आपण फिलरचे प्रमाण वजनाने दिले आहे. संपर्कात भार उचलण्याचे काम आकारमानाच्या हिश्शावर ठरते, त्यामुळे तुलना आकारमानाने करावी. पीटीएफईची घनता (घन सेंटीमीटरमागे ग्रॅममध्ये) सुमारे २.१७, ब्रॉन्झची ८.८, काचेची २.५५ आणि कार्बनची १.८ धरली, तर आपल्या नमुन्यांत ब्रॉन्झ सुमारे २७ टक्के, काच २२ टक्के आणि कार्बन २९ टक्के इतकी जागा व्यापतात. वजनाने ६० आणि २५ असा मोठा वाटणारा फरक आकारमानात जवळजवळ उरत नाही. हाच नियम झिजेलाही लावा. ब्रॉन्झच्या नमुन्याची घनता सुमारे ३.९६ येते, म्हणून त्याचे वजन जितके घटले, त्याला त्याच्या घनतेने भागल्याशिवाय शुद्ध पीटीएफईशी केलेली तुलना त्याच्यावर अन्याय करणारी ठरेल.

नायलॉनच्या बाबतीत वजनावर आधारलेले मोजमाप आणखी फसवे असते. नायलॉन ६६ साधारण ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत वजनाच्या सुमारे २.५ टक्के पाणी शोषते, आणि झीज मोजायची असते ती याहून कितीतरी लहान असू शकते. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर नमुना एकाच आर्द्रतेत पुरेसा काळ ठेवावा, न झिजवलेला जोडीचा नमुना सोबत तोलावा, आणि शक्य असेल तर वजनाऐवजी लांबीतील घट मोजावी. काचतंतू पाणी शोषत नाहीत, त्यामुळे साध्या आणि भरलेल्या नायलॉनमधील ही चूक सारखी नसते, हेही लक्षात ठेवावे.

सुरुवातीच्या बसण्याच्या टप्प्यातील झीज स्थिर टप्प्यातील झिजेपासून वेगळी काढणे आवश्यक आहे. ट्रान्स्फर फिल्म तयार होईपर्यंत झीजदर जास्त असतो, आणि चाचणी त्या आधीच थांबवली तर चांगला फिलरही वाईट दिसतो. यासाठी मध्ये मध्ये थांबून मोजण्यापेक्षा नमुन्याचे सरकणे सतत नोंदवणारा संवेदक बरा, कारण नमुना काढून पुन्हा बसवताना त्याची जुनी बैठक हुबेहूब जुळत नाही आणि बसण्याचा टप्पा पुन्हा सुरू होतो. साच्यात दाबाने भरलेल्या तंतूयुक्त भागांत तंतूंची दिशा पृष्ठभागाजवळ वेगळी आणि मध्यभागी वेगळी असते, म्हणून नमुना भागाच्या कोणत्या ठिकाणाहून आणि कोणत्या दिशेने कापला, हेही वहीत नोंदवावे. चकतीचा खडबडीतपणा प्रत्येक चाचणीआधी मोजावा. फार खडबडीत चकती पॉलिमरला कापते, आणि फार गुळगुळीत चकतीवर फिल्मला धरायला जागा मिळत नाही.

आपल्या ॲल्युमिनियमच्या चाचण्या अजून जतन असतील, तर त्या चकत्या द्रावकाने पुसण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. चऱ्यांच्या तळाशी काचेचे तुकडे रुतलेले दिसले, तर दुसऱ्या प्रतिसादातील स्पष्टीकरणाला थेट पुरावा मिळेल. कार्बनच्या नमुन्याखालच्या चकतीवर काळसर, सलग थर दिसला, तर त्याचे छायाचित्र येथे अवश्य द्यावे, म्हणजे फिल्म कितपत सलग आहे यावर पुढे बोलता येईल.